रॉक्सबरीचे पाळक जॉन एलियट

पूर्वी ज्यास अहमदनगर जिल्हा म्हणत, तेथील जुन्या मंडळ्यांचा कारभार ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ठाऊक आहे की, मंडळीचे सभासद एकत्र बसून आपला पाळक पसंत करीत, आपले डीकन नेमीत व ठराव बहुमताने करीत. ही रीत आमच्या लोकांस अमेरिकन बोर्डाच्या मिशनऱ्यांपासून मिळाली. गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे त्यांतील पहिले. ते १८१३ साली मुंबईस उतरले, आणि १८३१ साली नगर येथे ठाणे झाले. ही मंडळी बहुतेक करून अमेरिकेच्या ईशान्येस असलेल्या न्यू इंग्लंड नावाच्या मुलखातील. परंतु त्यांच्या पूर्वजांनाही ही रीत अमेरिकेच्या रानात सापडली नव्हती. ती इंग्लंडातून गलबतात बसून आली. मागून पुष्कळ देशांचे लोक अमेरिकेत आले, तथापि त्या राष्ट्राच्या शाळा, गावसभा, कायदे व धर्मसभा यांच्या पायात जे दगड आधी बसले, त्यांतील कित्येक ह्या इंग्रज शेतकरी व पाळकांनी बसविले. त्यांच्यापैकी एकाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो, कारण त्यांच्या आयुष्यात एक असा प्रश्न उभा राहिला की, जो आमच्या वाडवडिलांपुढेही उभा होता: सुवार्ता घ्यावयाची, तर ती आणणाऱ्याचा पोशाखही घ्यावा काय?

जॉन एलियट यांचा जन्म १६०४ साली इंग्लंडात हार्टफर्डशायर परगण्यातील विडफर्ड गावी झाला. बाप शेतकरी होता, पण जमीनजुमला बाळगून असलेला. त्याने मुलास केंब्रिज येथे जीझस कॉलेजात घातले आणि १६२२ साली मुलाने तेथील पदवी मिळविली. हिब्रू व ग्रीक ह्या भाषांची गोडी त्यांस तेथेच लागली. पुढे लिटल बॅडो गावी थॉमस हुकर ह्या उपदेशकांच्या घरी शाळा होती, तेथे ते मदतनीस शिक्षक म्हणून राहिले. त्या घरी दिवसाची सुरुवात व शेवट प्रार्थनेने होई. तेथेच आपल्या अंतःकरणाचा पालट झाला, असे एलियट पुढे सांगत असत.

तो काळ त्या पंथाच्या लोकांस सोपा नव्हता. ह्या लोकांस प्युरिटन म्हणत. शास्त्रात ज्याला आधार नाही असा कोणताही विधी उपासनेत नको, असे त्यांचे म्हणणे. राजाच्या मर्जीतले बिशप विल्यम लॉड यांस ते मुळीच खपत नसे. हुकर यांस बोलावणे आले, तेव्हा ते हॉलंडात निघून गेले. घरातील शाळा मोडली. एलियट यांनी ओळखले की, आपणांस मायदेशी उपदेशकाचे काम मिळणे नाही. १६३१ साली ते लायन नावाच्या गलबतावर चढले आणि नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेत बॉस्टन बंदरी उतरले. वय सत्तावीस.

१६३० पासून पुढील दहा वर्षांत सुमारे वीस हजार इंग्रज त्या किनाऱ्यास आले. एकेका गावची माणसे एकत्र निघत, आणि नव्या वस्तीस जुन्याच गावाचे नाव देत. बॉस्टन, डॉर्चेस्टर, केंब्रिज ही सारी नावे इंग्लंडातील. वस्तीच्या मध्यभागी एक सभागृह बांधीत. रविवारी तेथे उपासना होई, आणि इतर दिवशी त्याच बाकांवर बसून कुरणाची हद्द व रस्त्याची दुरुस्ती ठरे. मंडळी कशी चालवावी हे जे शिकले, तेच गाव कसे चालवावे हेही शिकले. मात्र मत देण्याचा हक्क १६३१ पासून मंडळीच्या सभासदांसच, तोही पुरुषांस, ठेविला होता, हे आम्ही लपवीत नाही. स्वतः छळ सोसून आलेल्या ह्या लोकांनी दुसऱ्या मताच्या माणसांस हद्दपार केले, हेही खरे आहे.

जमीन मात्र रिकामी नव्हती. तेथील मूळच्या लोकांस इंग्रज लोक इंडियन म्हणत. कोलंबसाच्या चुकीने ते नाव पडले, त्यांचा हिंदुस्थानाशी संबंध नाही. मॅसॅच्युसेट्स हे वसाहतीचे नावच त्यांच्यातील एका जमातीचे, मोठ्या डोंगराजवळ राहणारे अशा अर्थाचे. इंग्रज येण्यापूर्वी थोडी वर्षे, १६१६ ते १६१९ च्या सुमारास, त्या किनाऱ्यावर मोठी साथ येऊन गेली होती. गावेच्या गावे ओस पडली होती आणि शेतांत माणसांची हाडे पडून होती. १६३३ साली देवीच्या रोगाने आणखी घरे रिकामी केली. इंग्रज ज्या साफ केलेल्या शेतांत पेरणी करू लागले, त्यांतील कित्येक ह्या मेलेल्या लोकांची होती.

वसाहतीचा शिक्का १६२९ साली इंग्लंडातच तयार झाला होता. त्यावर एक इंडियन पुरुष उभा असून, इकडे येऊन आम्हांस साहाय्य करा असे तो विनवीत आहे, असे चित्र होते. प्रेषितांच्या कृत्यांतील मासेदोनियाचा मनुष्य वाचकांस आठवेल. त्या चित्रातील मनुष्यास कोणी विचारले नव्हते. आणि शिक्का करून पंधरा वर्षे लोटली तरी त्याच्याकडे सुवार्ता घेऊन जाण्यास वसाहतीतील फारसे कोणी निघाले नव्हते.

एलियट यांस बॉस्टनच्या मंडळीने ठेवून घेण्याची फार खटपट केली. पण आपल्या ओळखीचे लोक मागून येतील तर त्यांचा पाळक होईन, असे वचन ते देऊन आले होते. ते लोक आले, जवळच रॉक्सबरी येथे वसले, आणि १६३२ साली एलियट त्या मंडळीच्या सेवेस लागले. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. त्यांनी ती मंडळी जवळजवळ अठ्ठावन्न वर्षे सांभाळिली. १६४० साली केंब्रिज येथील छापखान्यात स्तोत्रांचे पद्यमय भाषांतर छापले. इंग्रजांच्या त्या वसाहतींत छापलेले हे पहिले पुस्तक, आणि ते तयार करणाऱ्या पाळकांत एलियट एक होते. १६४५ साली त्यांनी रॉक्सबरीत शाळा काढिली. ती आजपर्यंत चालू आहे. दोनच वर्षांनी वसाहतीने कायदा केला की, पन्नास घरांच्या गावाने लिहिणे-वाचणे शिकविणारा मास्तर ठेवावा, आणि शंभर घरांच्या गावाने लॅटिन शाळा काढावी. प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचावे हा त्यांचा आग्रह. त्यातून शाळा निघाल्या. आमच्याकडे खेडोपाडी मिशनच्या शाळा निघाल्या त्या ह्याच आग्रहातून.

आता एलियट यांच्या खऱ्या कामाकडे वळू. १६३७ साली पिकॉट नावाच्या जमातीशी इंग्रजांची लढाई झाली. तीत पकडलेला कॉकेनो नावाचा एक तरुण एका इंग्रजाच्या घरी चाकरीस होता. त्यास इंग्रजी समजे. त्याच्यापाशी बसून एलियट यांनी तेथील भाषा शिकण्यास आरंभ केला. कोश नव्हता, व्याकरण नव्हते. भाषेस लिपीच नव्हती. चाळिशीस टेकलेला पाळक एका कैदी मुलास गुरू करून एकेक शब्द कागदावर उतरवीत बसला. आमच्या मते त्यांच्या साऱ्या चरित्रात हे चित्र सर्वांत मोलाचे आहे.

१६४६ च्या सप्टेंबरात त्यांनी कुट्शमेकिन नावाच्या नायकाच्या वस्तीवर पहिला उपदेश केला. तो साफ फसला, लोक कंटाळले. एलियट घरी परतले आणि पुन्हा भाषेस लागले. २८ ऑक्टोबर रोजी ते नोनँटम येथे वाबान यांच्या झोपडीत गेले. तिला विग्वाम म्हणत. वाकविलेल्या काठ्यांवर झाडाची साल व चटया घालून ती करीत. उपासना तीन तास चालली. एलियट यांनी यहेज्केलाच्या सुकलेल्या हाडांवर उपदेश केला. ज्यांनी साथीत आपली गावे मेलेली पाहिली होती, त्यांस तो अध्याय कसा लागला असेल, हे आम्ही वाचकांवर सोडतो. उपदेश त्यांच्या भाषेत झाला, परंतु प्रार्थना मात्र एलियट यांनी इंग्रजीत केली, कारण त्या भाषेत प्रार्थना करण्याचे धैर्य त्यांस अजून झाले नव्हते. उपदेश संपल्यावर प्रश्न निघाले, आणि त्यांत एक असा होता की, आमच्या भाषेत केलेली प्रार्थना येशू ख्रिस्तास समजते काय. देवाने सर्व माणसे व सर्व भाषा केल्या आहेत, असे उत्तर त्यांस मिळाले. निघताना मुलांस सफरचंदे व पुरुषांस तंबाखू वाटली. सफरचंद इंग्रजांनी आणिलेले फळ, तंबाखू त्या देशचीच.

येथवर वाचून ज्यांचा आनंद वाढला असेल, त्यांनी पुढचेही ऐकावे. जे ऐकू लागले त्यांच्यासाठी नियम झाले. त्यांत मद्यपान सोडणे, बायकोस न मारणे असे चांगले नियम होतेच. पण लांब केस ठेवू नयेत, अंगास चरबी चोळू नये, घर इंग्रजांप्रमाणे असावे, असेही होते. आणि मोडल्यास दंड. केसांचा एवढा आग्रह कशास? त्याचे मूळ इंग्लंडात आहे. तेथे राजाच्या बाजूचे दरबारी लोक लांब केस राखीत, आणि प्युरिटन लोक ते कापीत. एलियट यांस इंग्रज माणसाचेही लांब केस सहन होत नसत, आणि टोपाचा तर त्यांस तिटकाराच. १६४९ साली वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी आपल्याच लोकांच्या लांब केसांविरुद्ध जाहीरपणे निषेध केला. अशा रीतीने इंग्लंडातील एका भांडणाचा भार समुद्रापलीकडच्या अशा लोकांच्या डोक्यावर येऊन पडला, की ज्यांस त्या भांडणाची वार्ताही नव्हती. केस कापलेला मनुष्य आपल्या जातभाईंत तात्काळ ओळखू येई, आणि त्यांच्यातून तुटे. एलियट दुष्ट नव्हते. त्यांस सुवार्ता आणि इंग्लंड ह्या दोन वस्तू वेगळ्या दिसतच नव्हत्या, एवढेच.

१६५१ साली चार्ल्स नदीच्या काठी, बॉस्टनपासून सुमारे अठरा मैलांवर, नेटिक नावाचे गाव वसले. गावात तीन रस्ते आखले, नदीवर लाकडी पूल बांधिला, आणि एक सभागृह उभारिले. मोशेस त्याच्या सासऱ्याने दिलेल्या सल्ल्याप्रमाणे दहांवर, पन्नासांवर व शंभरांवर अंमलदार लोकांनीच निवडिले. वाबान त्यांतील एक झाले. असाच कारभार साऱ्या इंग्लंडाने स्वीकारावा, अशा आशयाचे एक पुस्तकही एलियट यांनी लिहिले. राजाचे राज्य परत आल्यावर १६६१ साली ते पुस्तक बंद पडले आणि लेखकास क्षमा मागावी लागली. नेटिकच्या लोकांनी मात्र इंग्रजी घरांविषयी आपलाच विचार चालविला. विग्वाम स्वस्त पडतो आणि थंडीत अधिक ऊबदार असतो, हे त्यांस ठाऊक होते. म्हणून बहुतेकांनी राहण्यास तोच ठेविला.

मंडळी स्थापन होण्यास फार वेळ लागला. १६५२ साली ह्या लोकांनी आपल्या विश्वासाची कबुली इंग्रज वडिलांपुढे दिली. वडिलांनी थांबा म्हटले. १६५४ साली पुन्हा परीक्षा, पुन्हा थांबा. अखेर १६६० साली नेटिकची मंडळी झाली. आठ वर्षे! इंग्रज सभासदासही आपल्या पालटाची साक्ष द्यावी लागे हे खरे, पण एवढी वाट पाहावयास लाविलेले फार थोडे असतील. आमच्यात कित्येक उपदेशक असे आहेत की, ज्यांस हे वाचून स्वतःचे दिवस आठवतील.

दरम्यान भाषांतर चालले होते. पैसा, कागद व छापण्याचे सामान इंग्लंडातून येई. १६४९ साली पार्लमेंटाने ह्या कामाकरिता एक मंडळी नेमिली होती, व पुढे प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल तिचे अध्यक्ष झाले. १६५४ साली प्रश्नोत्तरावली छापली, १६६१ साली नवा करार, आणि १६६३ साली संपूर्ण पवित्र शास्त्र. अमेरिका खंडात छापलेले पहिले शास्त्र ते हेच. इंग्रजी शास्त्र तेथे छापण्यास आणखी शंभरावर वर्षे लागली. एलियट यांचे नाव त्यावर राहिले, पण काम एकट्याचे नव्हते. जॉन सॅसमन, जॉब नेसुटन हे भाषेतले मदतनीस, आणि छापखान्यात खिळे जुळविण्यास निपमक जमातीचे एक तरुण, ज्यांस धंद्यावरून जेम्स प्रिंटर हेच नाव पडले. देव ह्या शब्दासाठी एलियट यांनी इंग्रजी शब्दच घातला. मराठी शास्त्रात आमच्या भाषांतरकारांनी आमचाच शब्द घेतला, ह्याबद्दल आम्हांस समाधान वाटते. १७९२ साली विल्यम कॅरी यांनी मिशनकार्याविषयी आपला निबंध लिहिला, तेव्हा त्यात एलियट यांचे उदाहरण दिले. आणि त्याच कॅरी यांनी १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापिले.

१६७४ च्या सुमारास चौदा गावांत अकराशेच्या आसपास ख्रिस्ती इंडियन लोक होते. पुढच्याच वर्षी सारे उद्ध्वस्त झाले. वाम्पानोग लोकांचा नायक मेटाकॉम, ज्यास इंग्रज राजा फिलिप म्हणत, त्याच्या लोकांची जमीन वर्षानुवर्षे इंग्रजांच्या हाती जात होती. तो लढाईची तयारी करीत आहे, अशी बातमी जॉन सॅसमन यांनी प्लिमथच्या अधिकाऱ्यांस दिली. १६७५ च्या जानेवारीत सॅसमन यांचे प्रेत एका तळ्यात बर्फाखाली सापडले. जूनमध्ये मेटाकॉमच्या तीन माणसांस फाशी झाली, आणि रान पेटले. दोन्हीकडची गावे जळाली.

ख्रिस्ती इंडियन मधल्या मध्ये सापडले. रानातल्यांच्या दृष्टीने ते इंग्रजांचे हस्तक. इंग्रजांच्या दृष्टीने, केस कापले तरी, इंग्रजी पेहराव केला तरी, शास्त्र वाचले तरी, ते इंडियनच. ऑक्टोबरच्या अखेरीस हुकूम निघाला की, नेटिकच्या लोकांस बॉस्टन बंदरातील डीअर बेटावर नेऊन ठेवावे. सुमारे दोनशे माणसे, म्हातारी व लेकरे धरून, नदीकाठी आणिली. ७१ वर्षांचे एलियट तेथे त्यांना भेटले आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना केली. मध्यरात्री भरतीच्या पाण्यावर होड्या निघाल्या. बेटावर थंडीचे वारे अडविण्यास आसरा नव्हता. भाकरी थोडी, सरपण थोडे. बहुतेक वेळ किनाऱ्यावरच्या शिंपल्यांतील मांसावर लोक जगले. पुढे आणखी गावांची माणसे तेथे टाकिली. थंडी सरेपर्यंत पुष्कळ मेले.

ह्या दिवसांत एलियट यांनी जे केले, त्यामुळे आम्ही त्यांचे केसांविषयीचे नियम विसरत नाही, पण त्यांस मान देतो. पकडलेल्या इंडियनांस गुलाम म्हणून वेस्ट इंडीज बेटांकडे विकण्यात येत होते. ऑगस्ट १६७५ मध्ये त्यांनी गव्हर्नरास लेखी अर्ज केला की, माणसांचे आत्मे पैशासाठी विकणे हा व्यापार भयंकर आहे. त्या अर्जाचा उपयोग झाला नाही. विक्री चालूच राहिली. डॅनिएल गुकिन हे अंमलदार त्यांच्या बाजूस उभे राहिले, तर त्यांस रस्त्यात धमक्या मिळाल्या, व पुढल्या निवडणुकीत ते पडले. १६७६ च्या वसंतऋतूत हे दोघे बेटाकडच्या कामावरून होडीने येत असता एक मोठे जहाज त्यांच्या होडीवर चढले. म्हातारे एलियट पाण्याखाली गेले. कसेबसे त्यांस वर काढिले. गावात ही बातमी पसरली, तेव्हा काहींनी देवाचे आभार मानिले, आणि काहींनी ते बुडाले असते तर बरे, असे म्हटले. हे म्हणणारे त्यांच्याच देशाचे व त्यांच्याच धर्माचे होते.

लढाईच्या शेवटी इंग्रजांनी बेटावरच्याच लोकांतून वाटाडे व शिपाई घेतले, आणि त्यांच्या साहाय्याने जय मिळविला. मेटाकॉम १२ ऑगस्ट १६७६ रोजी मारला गेला. चौदा गावांपैकी चार उरली. शास्त्राच्या प्रती बहुतेक जळून वा हरवून गेल्या होत्या. एलियट यांनी सत्तरी उलटल्यावर पुन्हा छपाईसाठी इंग्लंडास पत्रे लिहावयास घेतली. जेम्स प्रिंटर लढाईत रानात गेले होते. ते परत आले आणि पुन्हा खिळे जुळवू लागले. ते काम शुद्ध करणारा दुसरा मनुष्य नाही, असे एलियट यांनी बॉइल यांस कळविले होते. १६८५ साली दुसरी आवृत्ती निघाली. नेटिकच्या मंडळीवर तोवर तेथलेच डॅनिएल टाकावांबेट हे दीक्षित पाळक झाले होते.

रॉक्सबरीत एलियट यांची एक गोष्ट सांगत. मंडळीच्या खजिनदाराने त्यांचा पगार रुमालात बांधून त्यास मुद्दाम पुष्कळ गाठी मारिल्या, जेणेकरून घरी पोहोचेपर्यंत पैसे वाटले जाऊ नयेत. वाटेत एक आजारी कुटुंब भेटले. एलियट गाठी सोडू लागले. बोटे थरथरत होती, गाठी सुटेनात. तेव्हा देवाने हे सारे तुमच्यासाठीच नेमिलेले दिसते, असे म्हणून त्यांनी रुमालच घरधनिणीच्या हाती दिला. अगदी म्हातारपणी, उपदेश करवेना तेव्हा, त्यांनी शेजाऱ्यांस विनंती केली की, आपले काळे गुलाम आठवड्यातून एकदा माझ्याकडे शिकण्यास पाठवा. १६८९ साली त्यांनी ७५ एकर जमीन एका शाळेस दिली, ती ह्या अटीवर की, तेथे इंडियन व काळी मुलेही शिकावीत. २१ मे १६९० रोजी ते रॉक्सबरी येथे वारले.

नेटिकची जमीन पुढच्या शंभर वर्षांत तुकड्यातुकड्याने इंग्रजांकडे गेली. एलियट यांनी शास्त्र ज्या भाषेत आणिले, ती एकोणिसाव्या शतकात बोलणाऱ्यांच्या तोंडून नाहीशी झाली. राज्याचे नाव मात्र मॅसॅच्युसेट्सच राहिले. मग १९९३ साली मॅशपी गावच्या वाम्पानोग जमातीतील जेसी लिटल डो बेअर्ड ह्या बाईंनी आपली पूर्वजांची भाषा पुन्हा उभी करण्याचे काम हाती घेतले. त्या भाषाशास्त्र शिकल्या. जुनी खरेदीखते, इच्छापत्रे, पत्रे, आणि १६६३ चे ते शास्त्र पुढे घेऊन त्यांनी शब्द व व्याकरण गोळा केले. त्यांची मुलगी लहानपणापासून ती भाषा बोलत वाढली. अनेक पिढ्यांनंतर असे मूल त्या जमातीत प्रथमच झाले.